एसएसबीच्या ग्राउंडवर फळी कुठे ठेवायची: जीटीओ टास्कपुरतं फिजिक्स

एसएसबीचं (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणारं मंडळ) कॉल लेटर आलं की मुलं माझ्याकडे वही घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, जीटीओला कुठले फॉर्म्युले लागतात?" जीटीओ म्हणजे ग्रुप टेस्टिंग ऑफिसर, ग्राउंडवर गटाची परीक्षा घेणारा अधिकारी. वही आधी बॅगेत ठेवायला सांगते. ग्राउंडवर कागद काढायला कुणी देत नाही आणि तेवढा वेळही नसतो. लागतं ते आठवीच्या पुस्तकातलं: तरफ, टेकू, घर्षण आणि दोरीतला ताण. गंमत अशी की बारावीला फिजिक्समध्ये नव्वदच्या वर मार्क पाडणारा मुलगाही फळीच्या नको त्या टोकाला जाऊन बसतो.

मी कराडला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. रविवारी सकाळी ग्राउंडवर बॉम्बे सॅपर्समधून (लष्कराच्या इंजिनिअर दलातून) निवृत्त झालेले एक सुभेदारकाका आणि मी मिळून मुलांचा सराव घेतो. सामान बेताचं आहे. साधारण 16 किलोची दहा फुटी फळी, एक बल्ली (लांब गोल लाकडी दांडा), दोरी, दोन रिकामी पिंपं आणि वेल्डरकडून करून घेतलेल्या लोखंडी चौकटी. गाठी काका शिकवतात, हिशेब मी. पुढचं सगळं याच ग्राउंडवरचं आहे.

ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. निवड पाच दिवस चालते. पहिल्या दिवसाच्या चाळणीतून जे राहतात त्यांचे जीटीओ टास्क पुढे दोन दिवस होतात. त्यात साधनं वापरून अडथळे ओलांडायचे प्रकार चार: आठ-दहा जणांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्क, गट अर्धा करून हाफ ग्रुप टास्क, तुम्हाला कमांडर करून दिलेला कमांड टास्क आणि शेवटचा फायनल ग्रुप टास्क. प्रत्येक वेळी स्टार्ट लाइनपासून फिनिश लाइनपर्यंत सगळी माणसं, सगळं सामान आणि लोड, म्हणजे सोबत दिलेली पेटी किंवा पिंपासारखी जड वस्तू, न्यायचा. मधली जमीन आउट ऑफ बाउंड्स. पाय ठेवायला असतात ती फक्त स्ट्रक्चर्स, म्हणजे मध्ये रोवलेले खांब आणि चौकटी, आणि हातात फळी, बल्ली, दोरी.

नियम तिथेच समजावून सांगतात आणि ते कान देऊन ऐकायचे. स्ट्रक्चरच्या ज्या भागाला पांढरा रंग तो सगळ्यांना खुला, लाल सगळ्यांना बंद. मधल्या रंगांचा अर्थ जीटीओ सांगेल तोच. चार फुटांहून मोठं अंतर उडी मारून पार करायचं नाही, तिथे साधनाचा पूल करायचा. दोन कडक वस्तू, म्हणजे फळी आणि बल्ली, एकमेकींना बांधून लांबी वाढवायची नाही. स्टार्ट आणि फिनिश लाइन दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत गेल्या आहेत असं धरायचं, म्हणजे वळसा घालून जायची सोयच नाही.

आता मुख्य मुद्दा. समोरचं स्ट्रक्चर फळीच्या आवाक्यात असेल तर काम सोपं आहे. दोन्हीकडे फळी टेकवा आणि चालत जा. खरी परीक्षा फळी पोचत नाही तेव्हा. मग तिचं एक टोक हवेत पुढे काढायचं, मागचं टोक कुणीतरी दाबून धरायचं आणि पुढच्या टोकावरून एकाने पलीकडे पाय टाकायचा. याला सगळे कँटिलिव्हर म्हणतात. प्रश्न एवढाच, की फळी किती पुढे काढायची आणि मागे किती जण बसवायचे. बहुतेक गट हे अंदाजपंचे ठरवतात आणि फळी उलाळ झालेल्या बैलगाडीसारखी मागून वर येते.

हिशेब करून बघा. दहा फुटी फळी, सगळे साधारण 60 किलोचे. फळी ज्या कडेवर टेकली आहे तो टेकू. टेकूच्या पुढे 4 फूट, मागे 6 फूट. पुढचा माणूस अगदी टोकावर गेला की त्याची फळी उलटवण्याची ताकद 60 गुणिले 4, म्हणजे 240. मागचा माणूस बसतो तेव्हा त्याचं वजन शेवटच्या इंचावर पडत नाही, अर्धा फूट तरी आत येतं. म्हणून 60 गुणिले साडेपाच, 330. शिवाय फळीचा गुरुत्वमध्य टेकूच्या एक फूट मागे असल्याने तिचे 16 आपल्याच बाजूला. 346 विरुद्ध 240. एक माणूस आरामात पुरतो.

आता फळी एकच फूट पुढे सरकवा. पुढे 5, मागे 5. टोकावर 300, मागे 60 गुणिले साडेचार म्हणजे 270. फळीचा गुरुत्वमध्य बरोबर टेकूवर, तिची मदत शून्य. एक माणूस बसवलात तर फळी उलटणार. दुसरा त्याच्या पुढे दीड फुटावर बसला तर त्याचे 180 मिळतात आणि बेरीज 450 होते. दोघे लागतात आणि दोघे पुरतात.

अजून एक फूट सरकवा. पुढे 6, मागे 4. टोकावर 360, आणि आता फळीचा गुरुत्वमध्यही टेकूच्या पुढे गेल्याने तिचे 16 आपल्याच विरोधात. एकूण 376. मागे एक जण साडेतीन फुटांवर, दुसरा दोन फुटांवर, तिसरा टेकूला चिकटून अर्ध्या फुटावर. 210 अधिक 120 अधिक 30, झाले 360. तिघे ओळीने बसले तरी फळी उलटणार. हे आकडे मी फळ्यावर लिहून दाखवते तेव्हा मुलं मान डोलावतात. ग्राउंडवर तिसरा बसूनही मागचं टोक उठायला लागतं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कळतं. काका मागून ओरडतात, "आरं माणसं वाढवू नका, फळी मागं घ्या!" हा सराव आम्ही फळी जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून घेतो. तुम्हीही तसाच घ्या.

लक्षात ठेवायचं एवढंच: अर्ध्याहून फूटभर तरी कमी पुढे असेल तर मागे एक, त्याहून पुढे अर्ध्यापर्यंत असेल तर दोन, अर्ध्याहून जास्त पुढे काढायची वेळ आली तर दुसरा मार्ग शोधा. सगळ्यांची वजनं साधारण सारखी असली की 60 असो वा 48, ते दोन्ही बाजूंनी कटून जातं आणि फक्त लांबीचं गुणोत्तर उरतं. 2022 पासून एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) मुली जायला लागल्या तशा आमच्या ग्राउंडवरही मुली वाढल्या आणि "आमचं वजन कमी आहे, चालेल का?" हा प्रश्न दर वेळी येतो. चालतं. गटात एखादीच जास्त वजनाची असेल तर तिला मागे बसवा आणि सगळ्यात हलकीला आधी पुढे पाठवा.

एक भर यात घाला. वरचा हिशेब स्थिर वजनाचा आहे. टोकावरून उडी मारताना माणूस फळीला खाली ढकलतो आणि तेवढ्या क्षणापुरता त्याचा भार स्वतःच्या वजनाच्या दीडपट किंवा त्याहूनही जास्त होतो. 4 फूट पुढे असलेल्या फळीवर 240 चे 360 झाले की मागे बसलेला एकटा उचलला गेलाच. म्हणून टोकावरून उडी नको. पुढचा पाय पलीकडे पूर्ण टेकवा, वजन तिकडे न्या, मग मागचा पाय उचला. आणि मागे बसलेल्याने पुढचा पोचला म्हणून टुणकन उठायचं नाही. तो "उठ" म्हणेपर्यंत बसून राहायचं.

मागे माणूस बसवण्यापेक्षाही चांगली एक युक्ती आहे आणि ती फार थोड्यांना सुचते. स्ट्रक्चरला दोन आडवे दांडे असतील तर फळी पुढच्या दांड्याच्या वरून आणि मागच्या दांड्याच्या खालून घाला. आता मागचं टोक दांडाच दाबून धरतो, माणूस मोकळा. मात्र दोन दांड्यांत 2 फूट अंतर असेल आणि पुढे 4 फुटांवर 60 किलोचा माणूस असेल, तर मागच्या दांड्याला वरच्या दिशेने 120 किलोचा धक्का बसतो. दांडा पक्का रोवलेला आहे ना, हे हाताने हलवून बघा. दांडा नसेल आणि तिथे बांधायला परवानगी असेल, तर फळीचं मागचं टोक दोरीने स्ट्रक्चरच्या खालच्या भागाला बांधा. काम तेच होतं.

यातून शेवटच्या माणसाचा प्रश्नही सुटतो. सात जण पार झाले, आठवा मागे एकटा उरला, आता त्याच्यासाठी मागचं टोक कोण दाबणार? टास्क अडतो तो बरेचदा इथेच, कारण गटाने पहिल्या माणसाची योजना केलेली असते, शेवटच्याची नाही. फळी दांड्याखाली अडकवली असेल तर चिंताच नाही. नसेल तर पहिले दोघे पलीकडे गेले की त्यांच्याकडे बल्ली सरकवा आणि दोन्ही स्ट्रक्चर्सच्या मध्ये ती टेकवा. शेवटचा माणूस बल्लीवरून येतो आणि येताना फळी दोरीने मागोमाग ओढून घेतो. बल्लीही पोचत नसेल तर फळीच्या पुढच्या टोकाला दोरी बांधा आणि पलीकडचे दोघे उंचावरून ती वर ओढून धरू देत. त्यांना 60 किलो पेलायचे आहेत हे आधी सांगा, म्हणजे ते पाय रोवून उभे राहतील.

बल्लीबद्दल दोनच गोष्टी. ती गोल आहे, म्हणून गडगडते. तिच्यावर उभं राहून सर्कस करू नका. दोन्हीकडे पाय टाकून बसा आणि हातांनी सरकत जा. गुरुत्वमध्य खाली येतो आणि ती फिरायला लागली तरी पाय तिला रोखतात. दुसरं म्हणजे वाक. आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच वजनाखाली मधली वाक आठपट होते, फळीचंही तसंच. म्हणून लांब पुलावर एका वेळी एकच माणूस, घाई कितीही असो.

लोडचं काय करायचं यावर मात्र मुलांशी माझा दर वेळी वाद होतो. लोड वर चढवायचा म्हटलं की सगळे फळी तिरपी लावून पेटी ओढायला लागतात, कारण पुस्तकात उतरणीचा उपयोग वाचलेला असतो. बरं, 20 किलोची लाकडी पेटी घ्या आणि दहा फुटी फळी 5 फूट उंचीला लावा, म्हणजे 30 अंशांचा चढ. घर्षण नसतं तर 10 किलोच्या जोराने पेटी चढली असती. पण लाकडावर लाकूड घासतं. घर्षणांक 0.4 धरला तर आणखी सुमारे 7 किलो लागतात. एकूण 17. थेट उचलायला 20 लागले असते. 3 किलो वाचवण्यासाठी एकुलती एक फळी अडकवून ठेवली, आणि तीच पुढच्या अडथळ्याला हवी होती! त्यापेक्षा दोघांनी खालून उचलून वरच्याच्या हातात दिली तर लवकर होतं.

लोड पिंपासारखा गोल असेल तर मात्र फळी वसूल. घरंगळणाऱ्या वस्तूला घासण्याचा त्रास जवळपास नसतो, म्हणजे 10 किलोच. त्यात काकांची सॅपर पद्धत वापरा. दोरीचं एक टोक वर बांधा, दोरी पिंपाच्या खालून घेऊन परत वर आणा आणि ते मोकळं टोक ओढा. जोर निम्मा, 5 किलो. दोरी मात्र दुप्पट ओढावी लागते. ओंडके गाडीत चढवणारे हेच करतात. पिंप दोरीतून बाजूला निसटू नये म्हणून दोन दोऱ्या असतील तर दोन्ही टोकांना एकेक वापरा.

त्याच उतरणीवरून माणसं जाणार असतील तर 3 फूट चढाला चालत जाता येतं, 5 फुटांच्या चढाला बसून किंवा हातपाय टेकून. सकाळी दव असेल तर फळीला हात लावून बघा. ओल्या लाकडावर बुटाची पकड किती कमी होते, हे पाय ठेवल्यावर कळण्यात अर्थ नाही.

आता दोरी. दोन खांबांत दोरी बांधून तिच्यावरून लोड न्यायचा झाला, तर सगळे तिला ताणून ताणून तारेसारखी सरळ करायला बघतात. वाटतं, घट्ट म्हणजे मजबूत. उलट आहे. 10 फुटांच्या अंतरात दोरी मध्ये सुमारे 3 फूट झुकली असेल तर मधोमध 60 किलोचा भार आल्यावर दोरीत ताण येतो साधारण 60 किलोचाच. झोक 10-11 इंचांवर आणला की ताण 170 किलोच्या वर जातो. 5 इंचांवर आणला तर जवळपास 360. भार तोच, दोरी तीच, फक्त जास्त ताणली म्हणून गाठ सुटते किंवा स्ट्रक्चर हलतं. त्यामुळे दोरी जरा सैल ठेवा आणि लोड जमिनीला लागू नये म्हणून दोन्ही टोकं उंचावर बांधा.

दोरी हातात धरून कुणाला किंवा कशाला खाली सोडायचं असेल तर ती खांबाला वेढा घालून धरा. लाकडी खांबाला पूर्ण एक वेढा दिला की धरणाऱ्याच्या हाताला मूळ ओढीच्या साधारण एक षष्ठांश जोर लागतो. दोन वेढे दिले तर चाळिसाव्या भागाच्या आसपास. 60 किलोचा माणूस एका हाताने धरता येतो तो असा. मात्र दोरी मनगटाभोवती किंवा पंजाभोवती गुंडाळू नका. झटका बसला की सोडता येत नाही. फळीखाली बोटं घालून ती सरकवू नका, हेही याच यादीतलं.

अंतराचा अंदाज डोळ्यांवर सोडू नका. दोन्ही हात फैलावले की एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण आपल्या उंचीइतकं अंतर असतं, आणि नाकापासून ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत साधारण 3 फूट. ही मापं घरीच टेपने घेऊन पाठ करा. मग समोरचं अंतर चार फुटांच्या आत आहे की बाहेर, फळी पुरेल की नाही, हे उभ्या उभ्या सांगता येतं. सामान नुसतं इकडून तिकडे फिरवण्यात वेळ जातो तो ही सवय नसते म्हणून.

इतकं फिजिक्स आलं की एक नवा आजार होतो, तो म्हणजे भाषण. "टॉर्क इज फोर्स इंटू परपेंडिक्युलर डिस्टन्स" असं ग्राउंडवर म्हणू नका. जीटीओला तुमचं फिजिक्स तपासायचं नाही. पेच सुटतो का, गट तुमचं ऐकतो का, तुम्ही दुसऱ्याची चांगली कल्पना उचलून धरता का, हे तो बघतो. आपल्याकडच्या मुलांचा आजार याच्या उलटा. युक्ती सुचलेली असते, पण इंग्रजी धड येत नाही म्हणून गप्प उभे राहतात. तोडकीमोडकी हिंदी-इंग्रजी चालते. "दो आदमी पीछे बैठो, प्लँक एक फुट पीछे लो, मैं जाता हूँ" एवढं पुरे आहे. म्हणा आणि स्वतः फळी उचला. हाताने दाखवलेलं कुठल्याही भाषेत कळतं. आणि समोरच्याची युक्ती तुमच्यापेक्षा बरी असेल तर तिच्यावर वाद घालण्यापेक्षा मागच्या टोकावर जाऊन बसा.

कमांड टास्कमध्ये मदतीला दोघे निवडायला मिळतात. मुलं जिगरी दोस्त निवडतात. मी सांगते, एक वजनदार आणि शांत निवडा, तो मागे बसेल. एक हलका आणि चपळ निवडा, तो पुढे जाईल. तुम्ही दोन्हीच्या मध्ये, टेकूजवळ. तिथून दोघे दिसतात आणि तिथे उभं राहिल्याने तोलही बिघडत नाही.

सरावाला ग्राउंड नसेल तर टेबल पुरे. तीस सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी आणि एकाच किमतीची तीन नाणी घ्या. पट्टी टेबलाच्या कडेबाहेर 12 सेंटिमीटर काढा, मागच्या टोकाला एक नाणं ठेवा आणि पुढच्या टोकाला दुसरं. पट्टी टिकते. 15 वर आणा, ती काठावर डुलते. 18 वर काढा आणि मागे दोन नाणी ओळीने ठेवून बघा. पट्टी पडते. मग मागच्या टोकावर जाड पुस्तकाची कड ठेवा, म्हणजे वरच्या दांड्याखाली फळी अडकवल्यासारखं झालं, आणि पुन्हा 18 वर करा. हे एकदा दाखवलं की पुढच्या रविवारी मुलं फळी खांद्यावरून उतरवायच्या आधीच भांडायला लागतात की टेकू कुठे घ्यायचा.